वावराच्या राखणीला रॉटवायलर की गावठी कुत्रा?

हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं रात्री वावरात उतरतात. मग शहरातला भाचा सांगतो, "मामा, रॉटवायलर आणा, एक भुंकला तरी पुरे." घरची मंडळी म्हणतात, असलं धूड दारात नको, उद्या लेकराला धरलं तर? दोन्हीकडचं ऐकून जो अडला असेल, त्याच्यासाठी हे लिहितो.

बंदीची धास्ती आधी बाजूला ठेवा. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर वगैरे कुत्र्यांच्या २३ जातींची विक्री आणि पैदास थांबवायला सांगितलं होतं. संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता काढलं म्हणून कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते एप्रिलमध्येच रद्द केलं. टीव्हीवर मात्र पत्र जितकं गाजलं तितका निकाल गाजला नाही.

आता जातीचं. २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात अठरा हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास छापून आला. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. म्हणजे रॉटवायलर जन्मतःच माणूसमाऱ्या नव्हे. पण भाच्यानं इथंच हुरळून जाऊ नये. रॉटवायलरचा नर पन्नास किलोच्या आसपास भरतो, गावठी बहुधा त्याच्या निम्म्याहून कमी. गावठ्यानं पोटरी धरली तर टाके पडतात. पन्नास किलोच्या कुत्र्यानं लेकराला खाली पाडलं तर ओढून काढायला दोन गडी लागतील. चावेल की नाही ते जात सांगत नाही. चावला तर किती भारी पडेल, ते वजन सांगतं.

आपल्या भागात त्यात आणखी एक अडचण आहे. रॉटवायलर दोन-चार ओळखीच्या माणसांना धरून राहतो आणि परक्यावर संशय घेतो. राखणीला तेच हवं असतं. पण सालगडी गुढीपाडव्याला बदलतो. वेचणीला, सोंगणीला रोज नवी माणसं येतात, त्यांची लेकरं बांधावर खेळतात. मग मालक कुत्र्याला दिवसभर गोठ्याच्या खांबाला आखूड साखळीनं बांधतो, आणि बांधून बांधून तो जास्तच चिडका होतो. त्यात मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन. काळ्या, दाट केसांच्या जड कुत्र्याला ते झेपत नाही, टिनाच्या शेडखाली तर नाहीच.

गावठी याच उन्हात वाढलेला. भाकर-ताकावर भागवतो (अंडं दिलं तर उत्तम), डुकराच्या अंगावर न जाता दुरून भुंकून गडी जागा करतो. जागलीला एवढंच लागतं. पण त्याच्याबद्दल आपण फारच निर्धास्त असतो. "आपलंच कुत्रं, काही करत नाही" म्हणत त्याला वर्षानुवर्षं रेबीजची लस देत नाही. पिटबुलला घाबरणारं गाव बिनलशीच्या मोकाट कुत्र्यांमधून रोज ये-जा करतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही, मग चावणारा कोणत्या का जातीचा असेना. चावा लहान असला तरी साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद-चुना लावत बसू नका.

बिबट्याचा वावर असेल तिथं मात्र दोघांचं भविष्य सारखंच. रात्री बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आयतं जेवण, तेव्हा कुत्र्याला आत घ्या.

माझं मत विचाराल तर वावरासाठी गावठीच. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस, पुढं दरवर्षी एक, आणि वेळेवर नसबंदी. रॉटवायलर त्यालाच शोभतो ज्याच्या घराला भक्कम कुंपण आहे आणि रोज त्याला फिरवणारा, शिकवणारा एकच माणूस घरात आहे. भाचा ते काम करायला गावी येऊन राहणार असेल, तर खुशाल आणा.