ब्लूस्काय: अ‍ॅप आवडलं, कंपनीचं काय?

ब्लूस्काय या एक्ससारख्या, छोट्या पोस्टच्या समाजमाध्यमावर खातं उघडून वर्ष उलटून गेलं. ओळखीतले बरेच जण अजून "येऊ का?" विचारतात आणि त्यांना दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. अ‍ॅप कसं आहे ते पाच मिनिटांत कळतं. कंपनी कुठे चालली आहे हे कळायला मला काही महिने लागले, आणि माझ्या मते खातं उघडायचं की नाही हे त्यावरच ठरवावं.

आधी अ‍ॅप. मी पुण्यात विज्ञानविषयक मजकुराचं भाषांतर आणि संपादन करते. त्यामुळे माझं वाचणं जास्त, लिहिणं कमी. 'फॉलोइंग'मध्ये मी निवडलेल्या माणसांच्या पोस्ट वेळेच्या क्रमाने येतात, मध्येच कुणी अनोळखी इसम तावातावाने घुसत नाही. कंपनीचं 'डिस्कव्हर' नावाचं अल्गोरिदमवालं फीड शेजारी असतं, ते मी काढून टाकलं. काढता येतं, हेच विशेष. त्याच्या जागी खगोलशास्त्रज्ञ स्वतः चालवतात ते फीड आहे, पक्ष्यांच्या फोटोंचं एक आहे. ही फीड कंपनीने बनवलेली नाहीत, वापरणाऱ्यांनी बनवलेली आहेत. सकाळच्या चहाबरोबर वाचायला याहून चांगलं सध्या माझ्याकडे काही नाही.

बाहेरच्या लेखाचा दुवा दिला म्हणून पोस्ट दाबली जात नाही. एक्सवर दुव्यांना उतरती कळा लागल्यापासून छोट्या नियतकालिकांचे जे हाल झाले, ते पाहता ही मोठी गोष्ट आहे. हँडल म्हणून स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या वेबसाइटचा पत्ता, लावता येतं. डोमेनच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकायची, झालं. 'मी मीच आहे' हे सिद्ध करायला पैसे मोजावे लागत नाहीत. एप्रिल 2025 पासून निळी खूणही आली आहे, पण ती विकत मिळत नाही. काही खुणा कंपनी देते, काही न्यूयॉर्क टाइम्ससारख्या मान्यताप्राप्त संस्था आपापल्या पत्रकारांना देतात.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गंमत. इथली 300 ची मर्यादा डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांवर मोजली जाते. एक्सवर काना, मात्रा, वेलांटी यांचे वेगळे गुण कापले जातात, म्हणजे 'मराठी' हा शब्द तिकडे पाच खातो आणि इकडे तीन. त्यामुळे इथे एका पोस्टमध्ये खरोखर दोन-तीन धड वाक्यं बसतात. शब्द म्यूट करण्याची सोय मात्र इंग्रजीच्या सवयीने बांधलेली आहे. तुम्ही 'क्रिकेट' म्यूट करा, 'क्रिकेटच्या' आणि 'क्रिकेटवरून' खुशाल येत राहतात, कारण ते पूर्ण शब्द जुळवून बघतं आणि आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो. प्रत्येक रूप वेगळं भरत बसायचं. निवडणुकीच्या दिवसांत हे काम कंटाळवाणं होतं.

पोस्ट संपादित करता येत नाही. खातं खासगी ठेवण्याची सोय नाही. जे लिहाल ते जगजाहीर, आणि कुणीही यंत्राने सगळंच्या सगळं उचलू शकतं. नोव्हेंबर 2024 मध्ये 10 लाख पोस्टचा एक संच असाच कुणीतरी एआयच्या कामासाठी उचलून हगिंग फेस या एआयचा डेटा ठेवण्याच्या साइटवर ठेवला आणि ओरड झाल्यावर काढला. खुलेपणाची ती दुसरी बाजू. थेट संदेश येतात-जातात, पण ते या खुल्या जाळ्यावर नाहीत, कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्टेडही नाहीत. गुप्त बोलायचं तर सिग्नलवर बोला.

आणि मराठी? जवळपास नाही. पोस्टची भाषा मराठी म्हणून नोंदवता येते, भाषेनुसार गाळताही येतं, पण गाळून उरतं काय तर मूठभर माणसं, तीही एकमेकांना बाहेरून ओळखणारी. भारतातून इथे आलेले बहुतेक इंग्रजीत लिहितात आणि बाकी गर्दी अमेरिकी राजकारणाची. ज्यांना मराठी गप्पा हव्या आहेत त्यांनी इथे येऊ नये, निराशा होईल.

आता कंपनीकडे येते.

डिसेंबर 2019 मध्ये जॅक डॉर्सी यांनी हा प्रकल्प जाहीर केला तेव्हा तो ट्विटरच्याच पैशावर होता. कल्पना अशी, की एक खुला प्रोटोकॉल, म्हणजे कुणालाही वापरता येणारे जोडणीचे नियम, तयार व्हावा आणि ट्विटर त्यावर चालणारी निव्वळ एक सेवा व्हावी. 2021 मध्ये जे ग्रेबर यांच्याकडे सूत्रं आली आणि त्यांनी वेगळी कंपनी असण्याचा आग्रह धरला. तो शहाणपणा किती कामाला आला ते ऑक्टोबर 2022 मध्ये कळलं. मस्क यांनी ट्विटर घेतलं, संबंध तुटले, आणि ब्लूस्काय मात्र उभी राहिली. डॉर्सी स्वतः 2024 मध्ये संचालक मंडळातून बाहेर पडले. ते गेल्याने कंपनीचं काही अडलं असं दिसत नाही.

6 फेब्रुवारी 2024 पर्यंत आमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. मग वाढ झाली ती झटक्यांनी. ऑगस्टच्या शेवटी ब्राझीलच्या न्यायालयाने एक्स बंद केलं आणि काही दिवसांत 20 लाखांवर लोक आले. अमेरिकेच्या निवडणुकीनंतर नोव्हेंबरात संख्या 2 कोटींवर, जानेवारी 2025 अखेर 3 कोटी, त्याच वर्षाच्या शेवटाकडे 4 कोटी. आकडे दमदार वाटतात, पण खाती उघडणं वेगळं आणि रोज येणं वेगळं. रोजचं लिहिणं नोव्हेंबर 2024 च्या उधाणानंतर उतरलं. माझ्या फीडमध्येही ते दिसतं, काही जण खातं तसंच ठेवून गायब झाले. शेजारी मेटाच्या थ्रेड्सने 2025 मध्ये महिन्याला 40 कोटी वापरकर्त्यांचा आकडा सांगितला. म्हणजे ही कंपनी दुसऱ्यांच्या चुकांवर वाढते. एक्सने काही केलं की इकडे दार ठोठावलं जातं. स्वतःच्या जोरावर लोक ओढून आणणारं असं काही अजून तिच्याकडे नाही, आणि वाढीबद्दल माझी पहिली शंका हीच आहे.

दुसरी शंका पैशाची. ट्विटरने सुरुवातीला दिलेले 1.3 कोटी डॉलर, 2023 चे 80 लाख, ऑक्टोबर 2024 चे दीड कोटी. ऑक्टोबरच्या त्या फेरीत पुढाकार क्रिप्टोत पैसे गुंतवणाऱ्या ब्लॉकचेन कॅपिटलचा होता. तेव्हा कंपनीने घाईघाईने सांगितलं, की टोकन, क्रिप्टो असलं काही आणणार नाही. नोंदणी सार्वजनिक हिताची कंपनी म्हणून आहे, हे ठीकच. पण गुंतवणूकदार गुंतवणूकदारच असतो. जाहिरातींनी जाळं नासवणार नाही असं ग्रेबर म्हणाल्या होत्या. मग कमाई कशातून? डोमेन विकून पाहिली. मार्च 2025 मध्ये ग्रेबर यांनी झुकरबर्ग यांच्या टी-शर्टची टर उडवणारा, 'सीझर नसलेलं जग' अशा अर्थाचा लॅटिन मजकूर छापलेला टी-शर्ट एका परिषदेत घातला. तो विकायला काढल्यावर एका दिवसात जी कमाई झाली ती दोन वर्षांच्या डोमेनविक्रीपेक्षा जास्त होती, असं कंपनीच्याच लोकांनी सांगितलं. हसू आलं, आणि लगेच पोटात गोळाही आला. ऐच्छिक वर्गणीची योजना 2024 मध्येच जाहीर झाली होती: चांगल्या प्रतीचा व्हिडिओ, प्रोफाइलची सजावट असं काही, आणि पैसे भरणाऱ्याच्या पोस्टला वरचा क्रमांक मिळणार नाही ही हमी. मी ती वर्गणी आनंदाने भरीन. माझ्यासारखे किती भरतील, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

यावर कंपनीचं उत्तर ठरलेलं आहे, आणि ते मला मनापासून आवडतं: आम्ही उद्या बिघडू शकतो असं गृहीत धरूनच आम्ही हे बांधतो आहोत. तुमची ओळख, तुमच्या पोस्ट, तुमचे फॉलोअर हे सगळं एटी प्रोटोकॉल या ब्लूस्कायच्या खुल्या प्रोटोकॉलवर आहे. कंपनी बिघडली तर खातं उचलून दुसऱ्या सर्व्हरवर न्या, कुणी तुटणार नाही. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं तेव्हा किंवा जुलै 2024 मध्ये कू हे ट्विटरसारखं भारतीय समाजमाध्यम गुंडाळलं गेलं तेव्हा असं काही नव्हतं. कूवर मराठी लिहिणारी बरीच मंडळी होती. जमवलेले वाचक तिथेच राहिले.

पण आपल्याला यातली मेख कुणी शिकवायला नको. नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याची सोय जानेवारी 2011 मध्ये देशभर आली. तेव्हा बाजारात डझनभर कंपन्या होत्या. हक्क आजही शाबूत आहे, पण खासगी कंपन्या उरल्या तीन. दर वाढतात तेव्हा तिन्हींचे मागेपुढे वाढतात, आणि पोर्ट करून जायचं कुठे हा प्रश्न राहतो. ब्लूस्कायचंही तेच. बहुसंख्य खाती कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. खातं हलवायला लागणाऱ्या किल्ल्याही मुळात कंपनीच सांभाळते. स्वतःची वेगळी किल्ली जोडून ठेवता येते, पण त्यासाठी जी खटपट लागते ती माझ्या परिचयातलं कुणी करणार नाही. मी केली, एका मित्राच्या मदतीने. खात्यांच्या ओळखींची मुख्य नोंदवहीसुद्धा एकच आणि कंपनीने चालवलेली. ती स्वित्झर्लंडमधल्या स्वतंत्र संस्थेकडे सोपवण्याचा बेत 2025 मध्ये जाहीर झाला. कंपनीच्या साऱ्या घोषणांमध्ये हीच मला सर्वांत वजनदार वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं.

म्हणून मी अ‍ॅपच्या नव्या सोयींपेक्षा बाहेरच्या घरांकडे, म्हणजे याच जाळ्यावर इतरांनी उभारलेल्या सेवांकडे, जास्त लक्ष देते. ब्लॅकस्काय हे त्यातलं ठळक उदाहरण. कृष्णवर्णीय समाजासाठी एक फीड आणि देखरेख इतकंच घेऊन रूडी फ्रेझर यांनी सुरुवात केली, आणि आता त्यांचा स्वतःचा सर्व्हर आहे, सगळ्या जाळ्यावरच्या पोस्ट गोळा करून पुढे पोचवणारी स्वतःची वाहिनी आहे, स्वतःचं अ‍ॅप आहे. ब्लूस्काय कंपनी उद्या बंद पडली तरी ते चालू शकतील. अशी दहा-वीस घरं उभी राहिली तर पळवाट खरी. नाही राहिली तर प्रोटोकॉल कागदावरच छान.

सरकारं आली की याची परीक्षा होते. एप्रिल 2025 मध्ये तुर्कस्तानच्या मागणीवरून तिथे काही डझन खाती दिसेनाशी केली गेली. पण ते ज्या पद्धतीने झालं ते बघण्यासारखं होतं: खाती लपवणारं, त्या देशापुरतं लेबल कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये लावलं गेलं, आणि त्याच जाळ्यावरच्या इतरांच्या अ‍ॅपमध्ये ती खाती दिसतच राहिली. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याने प्रत्येकाचं वय तपासायला सांगितलं, तेव्हा एवढं करण्याची आमच्या छोट्या चमूची ताकद नाही म्हणत कंपनीने त्या राज्यात अ‍ॅपच बंद ठेवलं. ब्रिटनचा कायदा मात्र पाळला, वय तपासायला तिथे वेगळी यंत्रणा लावली. म्हणजे कुठे झुकायचं, कुठे निघून जायचं हे प्रत्येक वेळी बसून ठरवलं जातंय. भारतात लोक वाढले की माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खालचे, मजकूर रोखण्याचे आदेश येणारच, तेव्हा छोटा चमू काय करेल? माझा अंदाज, तुर्कस्तानसारखंच. आणि आपल्याकडच्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना अधिकृत अ‍ॅपखेरीज दुसरं अ‍ॅप असतं हेच माहीत नसेल.

हे सगळं असूनही मी इथे आहे. भाषांतरात अडलेली एखादी संज्ञा विचारली की जगाच्या दुसऱ्या टोकाचा संशोधक उत्तर देतो, तेही न खेकसता. वाद उपटला की आपली उद्धृत केलेली पोस्ट दुसऱ्याच्या टोमण्यातून सोडवून घेता येते, या एका सोयीने इथली भांडणं बऱ्यापैकी लवकर विझतात. कोणत्या प्रकारच्या पोस्टवर इशारा लावायचा हे ठरवणाऱ्या देखरेख-सेवा आपण निवडू शकतो. त्यात मराठी शिव्या ओळखणारी एकही मला सापडली नाही. ती कंपनीने करावी असंही नाही, पुण्या-मुंबईतली चार तरुण पोरं बसली तर करू शकतील, साधनं फुकट आहेत. मराठी फीडचंही तसंच.

संशोधन, पत्रकारिता, चित्रकला, निसर्ग यांपैकी कशात तुम्ही असाल आणि इंग्रजी वाचायला हरकत नसेल तर खातं उघडा. नातेवाईक, स्थानिक बातम्या, मराठी वाचक हवे असतील तर थ्रेड्स आणि फेसबुक सोडू नका. उघडलंतच तर सेटिंग्जमध्ये आपला डेटा उतरवून घेण्याचा पर्याय आहे, तो अधूनमधून वापरा. एक फाइल मिळते, त्यात तुमच्या पोस्ट, लाइक, फॉलो असतात. फोटो आणि व्हिडिओ त्या फाइलीत येत नाहीत, ते वेगळे जपून ठेवा.