क्वेकर लोकांकडची ब्लँकेट एक्सरसाइज: जरूर जा, पण त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका

ओंटारियोत राहते, मागच्या शनिवारी इथल्या क्वेकरांच्या (ख्रिश्चनांमधला शांततावादी पंथ) मीटिंग हाऊसमध्ये ब्लँकेट एक्सरसाइजला, म्हणजे मूलनिवासींची जमीन कशी गेली ते ब्लँकेटांवर उभं राहून अनुभवायच्या कार्यक्रमाला, जाऊन आले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. फी नव्हती, दाराशी डबा होता, जमेल तेवढं टाका.

ही एक्सरसाइज १९९७ मध्ये मूलनिवासी एल्डर्ससोबत (त्यांच्यातली ज्येष्ठ, जाणती माणसं) बसून तयार केली गेली. कैरॉस म्हणून चर्चेसचा एकत्र गट आहे, त्यांच्या नावाने ती ओळखली जाते, आणि कॅनडातले क्वेकरही त्या गटात आहेत. जमिनीवर ब्लँकेटं पसरतात, ती म्हणजे युरोपियन यायच्या आधीची जमीन. बूट काढून त्यावर फिरायचं, एकमेकांना भेटायचं, वस्तू द्यायच्या घ्यायच्या, सुरुवातीला छान वाटतं. मग एकजण इतिहास वाचायला लागतो आणि करार, देवीची साथ, मूलनिवासींना सरकारच्या ताब्यात ठेवणारा १८७६ चा इंडियन अ‍ॅक्ट असं एकेक येत जातं तशी ब्लँकेटं दुमडत जातात, हातात पांढरं कार्ड असेल तर तुम्ही रोगाने गेलात, बाजूला व्हा. १९२७ ते १९५१ जमिनीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करणंसुद्धा गुन्हा होता, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं, खरंच लाज वाटली.

माझं ब्लँकेट हिरवं लोकरीचं होतं, एक कोपरा उसवलेला. शेवटी त्याची घडी एवढीशी उरली की टाचा बाहेर, बोटं आवळून उभी होते. शेजारच्या मुलीला रेसिडेन्शियल स्कूलचं कार्ड आलं, तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन एकटीला उभं केलं. (मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या निवासी शाळा, तिथे साधारण दीड लाख मुलं नेली होती.) ती परत आली तेव्हा आम्हाला सांगितलं, पाठ फिरवा. मी फिरवली. ती मागे उभी आहे हे कळत होतं आणि वळायचं नव्हतं, ते अर्धं मिनिट मी विसरणार नाही.

मला सगळ्यात जास्त पटलं ते नंतरचं. क्वेकर म्हटलं की १९४७ चं शांततेचं नोबेल आणि पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या क्वेकर विल्यम पेनची तिथल्या मूलनिवासी लेनापे लोकांशी असलेली मैत्री हेच ऐकलेलं, पण मीटिंग हाऊसमधल्या एका क्वेकर आजींनी त्याच्यापुढचं स्वतःहून सांगितलं, की पेनच्याच मुलांनी १७३७ मध्ये 'दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन' म्हणून पळणारे लावून लेनापेंची जमीन बळकावली, आणि १८६९ नंतर राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या काळात अमेरिकेत मूलनिवासींचा कारभार बघणाऱ्या सरकारी एजन्सी क्वेकरांकडे आल्या, त्यांनी बोर्डिंग शाळा चालवल्या, मुलांचे केस कापले, भाषा तोडली. ती आमचीच माणसं होती, असं म्हणाल्या आणि गप्प बसल्या. कुणी खाकरलंसुद्धा नाही. क्वेकरांच्या प्रार्थनेतही अशीच शांतता असते म्हणे, कुणाला आतून वाटलं तर उठून बोलतो.

तक्रार एकच पण मोठी आहे. शेवटी सगळे गोल बसून बोलतात, हाच गाभा, आणि हॉल पुढच्या कार्यक्रमाला द्यायचा म्हणून तो वीस मिनिटांत उरकला. आलेल्या अनिशिनाबे (इथला एक मूलनिवासी समाज) एल्डर नुकत्या कुठे बोलायला लागल्या होत्या आणि मागे खुर्च्या हलवायला सुरुवात झाली, हे अजिबात बरोबर नाही. दोन तास कमीच पडतात.

जाताना टेबलावरून खिशात मावेल एवढी पुस्तिका घेतली, मूलनिवासी हक्कांचा युनोचा जाहीरनामा, ४६ कलमं. २००७ मध्ये १४४ देश बाजूने होते आणि विरोधात फक्त चार, त्यात कॅनडा! कॅनेडियन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी, म्हणजे १९३१ पासूनची क्वेकरांची संस्था, मूलनिवासी संघटनांबरोबर यासाठी वर्षानुवर्षं लागून राहिली आणि २०२१ मध्ये इथे त्याचा कायदा झाला. कलम १० रात्री दोनदा वाचलं, मूलनिवासींना त्यांच्या जमिनीवरून जबरदस्तीने हलवता येणार नाही, टाचा आठवल्या.

पाचपैकी चार, एक त्या घाईसाठी कापला. मोजे जाड घाला, फरशी गार असते. पुढच्या वेळेसाठी नाव दिलंय, आणि हॉल चार तास घ्या, भाड्यातला फरक मी देते असंही लिहून आलेय.