लागरमधला लोण्याचा वास: टाकी थांबवायची, एन्झाइम घालायचं की यीस्टच बदलायचं?

लागरला, म्हणजे थंड तापमानात आंबवलेल्या बिअरला, लोण्यासारखा वास येतो तो डायअसिटिल या संयुगाचा. लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमच्या आसपासही तो जाणवतो. व्हॅलिन हे अमिनो आम्ल बनवताना यीस्टच्या पेशीतून अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट बाहेर झिरपतं, बिअरमध्ये त्याचं आपोआप डायअसिटिल होतं आणि मग यीस्टच ते शोषून घेऊन निवळवतं. झिरपलेल्याचं डायअसिटिल होण्याची पायरी सर्वांत संथ, म्हणून टाकी अडकते.

टाक्या पुरेशा असतील तर विश्रांतीच बरी, म्हणजे बिअर काही दिवस उबदार ठेवणं. 10-12 अंश सेल्सियसवर आंबवा, अंतिम घनतेला (साखर आंबून घनता जिथे स्थिरावते तिथे पोचायला) चार-पाच अंक बाकी असताना तापमान 16-18 वर न्या, दोन-तीन दिवस ठेवा. खर्च फक्त वेळेचा.

दुसरी वाट एन्झाइमची. एएलडीसी (अल्फा-अॅसिटोलॅक्टेट डीकार्बोक्सिलेज) हे एन्झाइम अ‍ॅसिटोलॅक्टेटचं थेट अ‍ॅसिटॉइन करतं, डायअसिटिल वाटेतच टळतं. पण तयार झालेल्या डायअसिटिलवर ते चालत नाही. म्हणून वास आल्यावर घालणं म्हणजे पैसे वाया. यीस्टबरोबरच थंड वर्टमध्ये (न आंबलेल्या माल्टच्या रसात) घाला. पुढे आम्लता वाढली की त्याचा जोर ओसरतो. ड्राय हॉपिंगमध्ये, म्हणजे सुगंधासाठी हॉप्सची फुलं थंड बिअरमध्ये घालताना, हॉप्समधली एन्झाइमं उरलेली डेक्स्ट्रिनं (यीस्टला न पचणाऱ्या मोठ्या शर्करा) फोडतात, किण्वन पुन्हा सुरू होतं आणि वास परततो. तिथे हॉप्सबरोबर आणखी एक मात्रा द्यावी लागू शकते.

तिसरी वाट म्हणजे हेच एन्झाइम बनवणारं जनुक यीस्टमध्येच बसवणं. अमेरिकेत ओमेगा यीस्ट आणि बर्कली यीस्ट या कंपन्या असे वाण विकतात. काम पेशीच्या आतच होतं, त्यामुळे मात्रेचा आणि आम्लतेचा प्रश्न उरत नाही. ड्राय हॉपिंगवाल्यांना याचा मोठा फायदा. तरी घनता स्थिरावल्या दिवशीच टाकी थंड करू नये. हिरव्या सफरचंदासारखा अ‍ॅसिटाल्डिहाइडचा वास आणि गंधक जायला वेळ लागतोच. पेडिओकॉकसचा संसर्ग झाला तर तो जिवाणू स्वतःचं डायअसिटिल करतो, तिथे हे यीस्ट हतबल आहे. टाकीच्या तळाचा यीस्टचा गाळ पुन्हा वापरताना साधं यीस्ट मिसळलं तर फायदा घसरतो, म्हणून होस आणि साठवणीची भांडी वेगळी ठेवा.

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीला मात्र पहिल्या दोन वाटांतूनच निवडावं लागेल. जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांना आपल्याकडे 1989 चे नियम लागू आहेत, आणि आयातीलाही जीईएसीची (केंद्राच्या जनुक अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची) मंजुरी लागते.

वाट कोणतीही घ्या, थंड करण्याआधी चाचणी कराच. दोन बंद बाटल्यांत नमुने घ्या, एक 60-65 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, दोन्ही सारख्या तापमानाला आणून हुंगा. फक्त तापवलेल्याला लोण्याचा वास आला तर अ‍ॅसिटोलॅक्टेट अजून शिल्लक आहे. टाकी आणखी एक दिवस उबदार ठेवा.