बाटलीतली कोरफड आणि पुडीतलं स्टिरॉइड

कोरफडीचा गर हिरवा नसतो. पान हिरवं, साल हिरवी, पण आतला गर पाण्यासारखा पारदर्शक. तरीही ‘शुद्ध कोरफड जेल’ म्हणून हिरवीगार बाटली घरात येते आणि भाजलं, खाजलं, उन्हाने कातडी लाल झाली की चोपडली जाते. चरचरलं तर ‘औषध लागू पडतंय’ अशी समजूत करून घेतली जाते. चरचरतं ते बहुधा जेलमधलं अल्कोहोल.

यातली गोम अशी की लेबल दर वेळी धडधडीत खोटं असतंच असं नाही. गरात जवळपास 99 टक्के पाणीच असतं. तो वाळवून त्याची पूड करतात, आणि 1 लिटर पाण्यात साधारण 5 ग्रॅम पूड कालवली की कागदोपत्री पुन्हा ‘कोरफडीचा रस’ तयार. त्या पुडीतही मॉल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली स्वस्त पूड) मिसळण्याची चलाखी जुनीच आहे. म्हणून पुढच्या बाजूचे मोठे आकडे सोडा, मागची बारीक यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक साधारण 1 टक्क्याच्या आतच वापरतात. कोरफडीचं नाव त्याच्याही खाली आलं असेल, तर बाटलीत ती बहुधा नावापुरतीच आहे.

घरी एक साधी परीक्षा करता येते. वाटीत चमचाभर जेल घ्या, चिमूटभर मीठ टाका, ढवळा. बघता बघता जेल मोडून पाणी झालं, तर तो घट्टपणा कार्बोमर या कृत्रिम घट्टकारकाचा होता. मीठ लागलं की कार्बोमरची जाळी कोसळते. जेल तसंच राहिलं म्हणजे माल खरा, असं मात्र नाही. झँथन गम या डिंकासारख्या पदार्थाने घट्ट केलेलं जेल मिठाला दाद देत नाही. ताजा गर मुळात असा घट्ट नसतोच. तो बुळबुळीत असतो, बोटाला तार धरतो, आणि काढून ठेवला तर काही दिवसांत पातळ होतो, लालसर पडतो. महिनोन्‌महिने तसाच्या तसा राहणारा गर आपल्या बळावर राहिलेला नसतो.

कुंडीत कोरफड असेल तर बाहेरच्या बाजूचं, खालचं, जाडजूड पान बुडातून कापा आणि 10 ते 15 मिनिटं उभं धरून ठेवा. पिवळा चीक गळून जातो. मग पान धुवा, काटेरी कडा काढा, साल सोला आणि गर पुन्हा एकदा धुवा. हा चीकच पोटात मुरडा आणतो, जुलाब करतो. चीक असलेल्या रेचकांच्या सुरक्षिततेचा पुरावा उत्पादकांनी दिला नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2002 साली ती विनाचिठ्ठी विक्रीतून काढायला लावली. पानासकट वाटलेला ‘कोरफड ज्यूस’ विकणारे याविषयी अवाक्षर काढत नाहीत. गर लावण्याआधी हाताच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस थांबा. भाजल्यावर आधी 20 मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, गर नंतर. मोठे फोड आले असतील किंवा खोल भाजलं असेल तर गर लावूच नका.

रोप घेतानाही माणूस फसतो. कोरफड म्हणून घायपात गळ्यात पडतं. कोरफडीचं पान कडकन मोडतं आणि आतून गर दिसतो. घायपाताचं पान तंतुमय, मोडता मोडत नाही, आणि टोकाला सुईसारखा काटा असतो. त्याचा रस अंगाला लागला की खाज आणि पुरळ, कारण त्यात ऑक्झलेटचे सूक्ष्म काटे असतात. गुळवेलीचा घोळ याहून वाईट. तिच्याच कुळातली दुसरी वेल सर्रास तिच्या नावावर खपते. त्या वेलीच्या करड्या खोडावर ठळक उंचवटे असतात आणि कापल्यावर दुधाळ चीक येतो. गुळवेलीचं खोड हिरवट, त्यातून असा चीक येत नाही. वाळलेले तुकडे किंवा चूर्ण घेतलं की हे ओळखायची सोयच उरत नाही. शिवाय गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कावीळ होऊन गेलेल्यांनी किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

(रोपवाटिकेतून आणलेल्या शोभेच्या रोपाची पानं लगेच तोंडात घालू नका. मुळांवाटे झाडभर पसरणारं कीटकनाशक धुऊन निघत नाही.)

तुळशीच्या ‘अर्का’चे थेंब पाण्यात पडताच स्वच्छ विरघळले तर शंका घ्या. वनस्पतीचं सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही. ते तरंगतं किंवा पायसकारक (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घातला असेल तर पाणी दुधाळ होतं. लवंगेसारखा झणका आला म्हणून तुळसच, असंही नाही. हा वास देणारं युजेनॉल दोन्हींत असतं आणि लवंगेचं तेल स्वस्त पडतं. मधुमेहावर म्हणून खपणाऱ्या ‘इन्सुलिनच्या झाडा’त इन्सुलिन नसतं, असतं तरी खाल्ल्यावर ते पोटात पचून गेलं असतं.

इथवर बहुतेकदा जातो तो पैसा. सांधेदुखीच्या ‘जडीबुटी’ पुडीत जीव जाऊ शकतो. अशा पुड्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड किंवा डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मिसळलेलं पुन्हा पुन्हा सापडलं आहे. मधुमेहाच्या पुड्यांत साखर उतरवणारं ग्लिबेनक्लामाइड, ‘शक्ती’च्या पुड्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध. जुनी, हट्टी दुखणी दोन दिवसांत पळाली की लोक विकणाऱ्याचे पाय धरतात. खरं तर तिथेच थांबायला हवं, कारण झाडपाल्याला हे इतक्या वेगाने जमत नाही. पुढे स्टिरॉइडने भूक वाढते, चेहरा गोल आणि सुजट होतो, अंगावर सहज काळेनिळे डाग उठतात, रक्तदाब आणि साखर चढते. पुडी बंद केली की दुखणं दुपटीने उसळतं आणि माणूस पुन्हा त्याच दारात जातो. विकणाऱ्याचा धंदा यावरच चालतो.

संशय आला तरी काही आठवडे घेतलेली अशी सांधेदुखीची पुडी स्वतःहून एकदम बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर आपलं कॉर्टिसोल, म्हणजे स्वतःचं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं थांबवतं. पुडी अचानक तुटली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं असं संकट ओढवतं. पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, किती दिवस आणि रोज किती घेतली ते सांगा. सकाळच्या कॉर्टिसोलची तपासणी करून ते डोस कसा उतरवायचा ते ठरवतील. मधुमेहाच्या पुडीने घाम सुटला, हात थरथरले, भोवळ आली, तर माणूस शुद्धीवर असताना लगेच साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा. त्या औषधाने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. उरलेली पूड, पाकीट, बॅच क्रमांक, बिल आणि विकणाऱ्याचे संदेश जपून ठेवा. एखादी पुडी न उघडलेली असेल तर ती तशीच राहू द्या आणि औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करताना सोबत न्या.