ग्रीकांची ओळख: आधी अथेन्स की आधी स्पार्टा?

प्राचीन काळी ग्रीस नावाचं एक राज्य नव्हतं. हजाराच्या आसपास स्वतंत्र नगरराज्यं होती आणि प्रत्येकाचे कायदे, पंचांग, सण वेगळे होते. सगळ्यांचं एकदम वाचायला घेतलं की नुसती नावं लक्षात राहतात, म्हणून एक नगर धरून आत शिरणं बरं. निवड बहुतेकांची दोघांतच होते: अथेन्स किंवा स्पार्टा. काळ इ.स.पू. ५वं आणि ४थं शतक.

लोक काय खात, कुठे झोपत, मजुरी किती घेत, भांडणं कशी मिटवत, हे जाणून घ्यायचं असेल तर आधी अथेन्स घ्यावं. अथेन्स थोर होतं म्हणून नव्हे, तर त्याने कागदपत्रं मागे ठेवली म्हणून. खरं तर कागद नाही, दगड. अक्रोपोलिसवरच्या एरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाचा हिशेब दगडावर कोरलेला सापडला आहे. त्यात कारागिराला दिवसाला १ ड्राख्मा, म्हणजे ६ ओबोल मिळालेले दिसतात आणि शेजारी शेजारी राबणाऱ्या नागरिकाचा, परक्याचा आणि गुलामाचा दर एकच आहे. गुलामाच्या हातात त्यातलं किती उरत असे हा प्रश्न वेगळा. त्याच सुमारास न्यायसभेत बसणाऱ्या नागरिकाला दिवसाचे ३ ओबोल मिळत. म्हणजे धडधाकट माणसाला ते काम परवडणारं नव्हतं; म्हाताऱ्यांना मात्र आधार होता.

न्यायालयातली भाषणं तर सोन्याची खाण आहेत. लिसियास या भाषणं लिहून देणाऱ्या लेखकाने एका खुनाच्या आरोपीसाठी लिहिलेल्या भाषणात घराची रचनाच येते: दोन मजले, वर बायकांच्या खोल्या, खाली पुरुषांच्या. मूल झाल्यावर त्याला धुण्यापुसण्यासाठी आईला रात्री जिना उतरावा लागू नये म्हणून नवरा वर गेला आणि बायको खाली आली. आरोपीला सांगायचंय बायकोच्या जाराबद्दल; आपल्याला मात्र एका साध्या घरातलं रात्रीचं जगणं दिसतं. असा पुरावा स्पार्टाबद्दल एकही नाही.

राज्यकारभार समजायलाही अथेन्स सोपं, कारण त्याचे भाग मोजता येतात. १० जमाती, प्रत्येकीतून चिठ्ठी टाकून ५० जण, मिळून ५०० जणांचं मंडळ. सभासदाचं वय किमान ३० आणि आयुष्यात फार तर दोनदा संधी. ४थ्या शतकात लोकसभा, म्हणजे सगळ्या नागरिकांची सभा, वर्षाला ४० वेळा भरे आणि काही निर्णयांना ६,००० जणांची हजेरी लागे.

इथे नवखा वाचक एका ठिकाणी हमखास फसतो: 'लोकशाही' म्हटलं की सगळे लोक असं तो धरून चालतो. इ.स.पू. ४५१ च्या कायद्यानंतर आई आणि बाप दोघंही अथेनियन असतील तरच मूल नागरिक होई. ४थ्या शतकाच्या अखेरीच्या एका गणनेत २१,००० नागरिक आणि १०,००० मेटिक, म्हणजे अथेन्समध्ये राहणारे परके, असे आकडे आहेत. त्याच नोंदीतला ४,००,००० गुलामांचा आकडा मात्र विश्वास ठेवण्याजोगा नाही. एवढी तोंडं त्या प्रदेशाला पोसता आली नसती. मुळात नागरिकांसाठीच काळ्या समुद्राकडून धान्य आणावं लागे.

स्पार्टाचं आकर्षण उघड आहे. चित्र ठळक आहे: सातव्या वर्षी मुलगा घरातून उचलला जातो, विसाव्या वर्षी भोजनमंडळात, म्हणजे रोज एकत्र जेवणाऱ्या पुरुषांच्या गटात, घेतला जातो. दोन राजे, २८ वृद्ध, दरवर्षी निवडलेले ५ एफोर, म्हणजे कारभारावर देखरेख ठेवणारे अधिकारी. पण हे चित्र रंगवलं कोणी? बहुतेक बाहेरच्यांनी. झेनोफन हा स्पार्टाचा चाहता अथेनियन होता, आणि सर्वांत तपशीलवार लिहिणारा चरित्रकार प्लुटार्क पाचशे वर्षांनंतरचा. अथेन्सचा इतिहासकार थुसिडिडीस याने तर बजावूनच ठेवलंय की स्पार्टा ओस पडलं, तर नुसते अवशेष पाहून त्याच्या सामर्थ्यावर पुढच्यांचा विश्वास बसणार नाही.

तरी एक गोष्ट स्पार्टाइतकी स्वच्छ दुसरीकडे कळत नाही: व्यवस्था स्वतःला कशी खाते. प्रत्येक नागरिकाने भोजनमंडळाला दरमहा १ मेडिम्नॉस जवाचं पीठ (अथेन्सच्या मापाने सुमारे ५२ लिटर), ८ खूस (द्रवाचं माप) दारू, ५ मिना (वजनाचं माप) चीज आणि अडीच मिना अंजिरं द्यायची, असं प्लुटार्क सांगतो. हे सगळं हेलॉट, म्हणजे स्पार्टाचे जमिनीला बांधलेले गुलाम शेतकरी, पिकवत. वाटा चुकला की नागरिकत्व गेलं. जमीन थोड्या हातांत साचत गेली तसे वाटा देणारे घटले. इ.स.पू. ४८० च्या सुमारास इतिहासकार हेरोडोटस ८,००० पुरुष सांगतो; ३७१ मध्ये लुक्ट्राच्या लढाईत ७०० स्पार्टन नागरिक होते आणि त्यांतले ४०० पडले. तो खड्डा पुन्हा भरला नाही.

स्त्रियांचं आयुष्य हाच मुख्य विषय असेल, तर दोन्ही नगरं एकत्रच वाचावीत. अथेन्समध्ये मुलीचं लग्न पंधराच्या आसपास, नवरा बहुधा तिशीचा, आणि व्यवहारासाठी आयुष्यभर पुरुष पालक. स्पार्टात मुली उघड्यावर व्यायाम करत, लग्न उशिरा होई, आणि ॲरिस्टॉटलच्या मते दोन पंचमांश जमीन स्त्रियांच्या नावावर होती. तो हे तक्रार म्हणून लिहितो, हे विसरू नये. आणि हेलॉट स्त्रिया या दोन्ही बाजूंच्या हिशेबात कुठेच नाहीत.

कार्ले-जुन्नरच्या लेण्यांच्या शिलालेखांतले यवन, म्हणजे ग्रीक, दाते वाचून ग्रीकांकडे वळलेल्यांना मात्र यातलं कुठलंच नगर आधी उपयोगी नाही. ते लेख इ.स.च्या आरंभीच्या शतकांतले. अथेन्सच्या लोकशाहीचा शेवट इ.स.पू. ३२२ मधला. त्यांनी सिकंदरानंतरच्या बॅक्ट्रियापासून (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडचा प्रदेश), आमू दर्या नदीच्या काठच्या आय खानुम या ग्रीक नगरापासून सुरुवात करावी. तिथे नाट्यगृह आणि व्यायामशाळा दोन्ही सापडल्या आहेत. त्यांचा उपयोग काय, हे कळण्यापुरतं अथेन्स मग मागे जाऊन वाचता येतं.