पोटगीसाठी विधी सेवेचा मोफत वकील घ्यावा का? माझा दीड वर्षाचा अनुभव

मुलीच्या पोटगीची केस चालू आहे म्हणलं की लोक पहिलं विचारतात वकील कोण लावलाय, आणि विधी सेवेतून (सरकारच्या मोफत कायदा मदतीतून) मिळालेल्या मॅडम आहेत सांगितलं की लगेच, अगं फुकटचा वकील काय लढणार. मलापण आधी तसंच वाटायचं आणि त्या वाटण्यापायी माझं जवळजवळ पाऊण वर्ष आणि पंधरा हजार गेले, म्हणून हे सगळं नीट लिहितेय. कोर्टाचं गावाचं कुणाचंच नाव देत नाही, केस अजून चालू आहे.

मी कराडपासून तासाभरावर तालुक्याच्या गावात माहेरी राहते, कापडाच्या दुकानात काम करते, महिना नऊ हजार मिळतात. मुलगी चौथीत. नवरा चाकणला एमआयडीसीत कंपनीत आहे, २०२३ च्या दिवाळीपासून एक रुपया दिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये भाऊ ओळखीच्या एका खाजगी वकिलांकडे घेऊन गेला, त्यांनी वकीलपत्रावर सही घेतली, पंधरा हजार घेतले, पावती नाही, आणि दर वेळी फोन केला की "दाखल करतोय, पुढच्या आठवड्यात". ऑगस्ट उजाडला तरी केसचा नंबर नाही. शेवटी आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी सांगितलं की १५१०० ला फोन लाव, तो विधी सेवेचा नंबर आहे, फुकट आहे. लावला. तिकडून सांगितलं तुमच्या तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथं जाऊन अर्ज द्या.

आता इथं पहिला गोंधळ झाला तो सांगते म्हणजे तुमचा होणार नाही. कोर्टाच्या आवारात एकाने सांगितलं आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणा मगच मोफत वकील मिळतो. मी दुकानातून सुट्टी काढून दोन चकरा मारल्या तहसीलला. नंतर ऑफिसमधल्या क्लार्क ताई म्हणाल्या अहो बाईमाणसाला आणि लहान मुलांना दाखला लागतच नाही, १९८७ च्या कायद्यात कलम १२ मध्येच आहे, कमाई कितीपण असू दे. हे बाहेर बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे खरं तर. माझी दोन दिवसांची मजुरी गेली त्यात.

अर्ज एकपानी होता. आठव्या दिवशी नियुक्तीपत्र मिळालं, त्यात वकील मॅडमचं नाव. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की मला फी समितीकडून मिळते, तुम्ही मला एक रुपया द्यायचा नाही, आणि कुणी मागितला तर जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करायची, वकील बदलूनपण मागता येतो. झेरॉक्स तेवढी माझी मी काढली. कोर्ट फीपण लागली नाही.

मी म्हणलं पुण्याला यावं लागेल का केससाठी, तिकडं तो राहतो. मॅडम म्हणाल्या नाही. नवरा कुठंपण असू दे, आपण राहतो तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, आमच्याकडं फॅमिली कोर्ट नाही त्यामुळे मॅजिस्ट्रेट साहेबांसमोर. पूर्वी कलम १२५ म्हणायचे ते १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात (नागरिक सुरक्षा संहितेत) कलम १४४ झालंय, लोक अजून "एकशेपंचवीसची केस"च म्हणतात, दोन्ही एकच. अर्जावर मुलीचं नाव आणि पुढं "अज्ञान, तर्फे अ.पा.क. आई" म्हणजे माझं (अज्ञान म्हणजे अल्पवयीन, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ती). ते नाव वाचताना पोटात कालवलं माझ्या, नऊ वर्षांची पोर आणि अर्जदार म्हणून तिचं नाव बापाविरुद्ध. पण मॅडम म्हणाल्या उलटं बघा, हे तिचे पैसे आहेत, तुम्ही नुसत्या तिच्या वतीनं मागताय. माझी आई तोपर्यंत सारखी म्हणायची कशाला हात पसरायचा त्याच्यापुढं, त्या दिवसापासून ती तसं म्हणायची थांबली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शपथपत्र. सुप्रीम कोर्टाचा २०२० चा रजनीश विरुद्ध नेहा म्हणून निकाल आहे, त्यामुळे दोघांनीपण आपली कमाई, खर्च, मालमत्ता, कर्ज सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं. मॅडमनी मला फुलस्केप कागद दिला, म्हणाल्या मुलीचा महिन्याचा खर्च लिहून आणा, अंदाजे नको, पावतीसकट. मी एका रात्रीत बसून लिहिलं: शाळेची व्हॅन आठशे, ट्युशन पाचशे, दूध, वह्या, चष्मा (तिला नंबर लागलाय, वर्षात दोनदा काच बदलली), डॉक्टरच्या चिठ्ठ्या, युनिफॉर्म, बूट. इतके दिवस मी हे सगळं करत होते पण एका कागदावर कधी बघितलं नव्हतं, बेरीज आठ हजाराच्या वर गेली आणि माझा पगार नऊ. माझ्या बाजूनं पण सगळं लिहायला लावलं, बचत गटातली शिल्लक, गटाचं कर्ज, अंगावरचं मंगळसूत्र, दोन पाटल्या. मी म्हणलं पाटल्या कशाला लिहायच्या, तर मॅडम कडक बोलल्या, काहीच लपवायचं नाही, समोरच्यानं शोधून काढलं तर तुमच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास जातो.

आणि तेच झालं, पण त्याच्याबाबतीत. त्यानं शपथपत्रात पगार बारा हजार लिहिला. माझ्या जुन्या मोबाईलमध्ये त्याच्या २०२२ च्या सॅलरी स्लिपचा फोटो होता, त्यात सव्वीस हजार. मॅडमनी तो दाखवून कंपनीकडून पगाराचा दाखला मागवायचा अर्ज दिला, कोर्टानं मागवला, आला एकतीस हजार. त्यामुळे बायांनो नवऱ्याच्या कंपनीचं आयकार्ड, सॅलरी स्लिप, बँकेचा मेसेज जे काय असेल ते जपून ठेवा, भांडणाच्या रागात डिलीट करू नका.

नवऱ्याच्या वकिलांचं म्हणणं होतं बाई कमावते, आणि मुलीला भेटू देत नाही. पहिल्याला मॅडमनी उत्तर दिलं की आई कमावते म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. दुसरं म्हणजे भेटीचा हक्क आणि पोटगी हे वेगवेगळे विषय आहेत, त्याला भेटायचं असेल तर त्यानं तसा अर्ज करावा, पैसे अडवायचे नाहीत. मी मुलीला कधीच अडवलं नव्हतं हे पण लिहून दिलं.

वेळेचं मात्र मला बोलायचंय. अर्ज ऑक्टोबर २०२४ ला दाखल, नोटीस दोनदा "पत्त्यावर राहत नाही" म्हणून परत आली, तिसऱ्यांदा कंपनीच्या पत्त्यावर पाठवली तेव्हा जानेवारीत बजावली. कायद्यात लिहिलंय नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम (केस संपेपर्यंतच्या तात्पुरत्या) पोटगीचा निकाल द्यावा, माझ्या केसमध्ये पाच महिने लागले. कधी त्यांच्या वकिलांनी से (लेखी म्हणणं) दिला नाही, कधी साहेब रजेवर, एकदा तर मी दिवसभर बसले आणि पुकाराच झाला नाही. मधे मध्यस्थीला पाठवलं, दोन बैठका झाल्या, तो तीन हजारावर अडून बसला. नंतर त्याच्याकडच्या लोकांनी निरोप पाठवला की लोकअदालतीत एकरकमी दोन लाख घेऊन मिटवा. दोन लाख ऐकून घरातले सगळे हलले, खरं सांगते मीपण हलले. मॅडमनी कागदावर मांडून दाखवलं, मुलगी १८ ची व्हायला नऊ वर्षं, म्हणजे महिन्याला दोन हजारपण पडत नाहीत, आणि लोकअदालतीत एकदा सही झाली की त्यावर अपील नाही. सही करायची का नाही हे तुम्ही ठरवा म्हणाल्या, पण हे समजून करा. मी नाही म्हणलं.

२० जून २०२५ ला अंतरिम ऑर्डर झाली, महिना सात हजार, अर्जाच्या तारखेपासून. म्हणजे मागचे आठ महिन्यांचे ५६ हजार थकीत धरून. मला वाटलं झालं सगळं. कुठलं! जुलै आणि ऑगस्टचे आले, मग बंद, थकीतातलं तर काहीच नाही. ऑर्डर हातात असणं आणि पैसे खात्यात येणं यात केवढं अंतर आहे हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं, मॅडमनीपण नाही, ही माझी त्यांच्याबद्दलची एक तक्रार. वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो नाहीतर त्या पैशाचं वॉरंट निघत नाही. मी नोव्हेंबरमध्ये केला, ७० हजाराचा. पैसे भरले नाहीत तर जेलपण होऊ शकते, आणि जेलमध्ये जाऊन आला म्हणून थकबाकी माफ होत नाही, हे लक्षात ठेवा कारण आमच्याकडं एकजण मला सांगत होता की तो महिनाभर आत बसेल आणि मोकळा होईल. वॉरंट निघाल्यावर जानेवारीत पुढच्या तारखेला त्यानं हजर होऊन ४० हजार भरले, बाकीचे तीन हप्त्यांत.

त्या चाळीस हजारातून पहिलं काय केलं तर शाळेची राहिलेली फी भरली आणि गटाचं कर्ज मिटवलं. मुलीला सायकल पाहिजे होती, ती घेतली.

सेवेबद्दल म्हणायचं तर पाचपैकी चार देईन. एक कापला तो दोन गोष्टींसाठी, वसुलीचं आधी न सांगणं, आणि मॅडमकडं एवढ्या केसेस आहेत की फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही, तारखेच्या आदल्या दिवशी मला स्वतःला ऑफिसला जाऊन बसावं लागायचं. पण तारीख त्यांनी एकदापण चुकवली नाही, पंधरा हजार घेतलेल्या वकिलांनी केस दाखलसुद्धा केली नव्हती. ई-कोर्ट ॲप मोबाईलमध्ये घ्या, केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा, अक्षरं आणि आकडे मिळून सोळा) टाकला की पुढची तारीख आणि ऑर्डर स्वतःला दिसते, कुणाला विचारत बसावं लागत नाही. आणि तारखांची एक वही ठेवा, कोण आलं, काय झालं, कुणी से दिला नाही, सगळं. वसुलीच्या अर्जाच्या वेळी माझ्या वहीतूनच मॅडमनी महिने मोजले.

मुख्य अर्ज अजून चालू आहे, आता माझा पुरावा व्हायचाय, उलटतपासणीची भीती वाटते. चालू महिन्याचे सात हजार या वेळी ९ तारखेला आले, मेसेज आला तेव्हा मी दुकानात ठाण मोजत होते.