यूट्यूब स्टुडिओमधली कॉपीराइटची टूल्स: छोट्या चॅनलसाठी कितपत कामाची?

जेजुरीचा व्हिडिओ अपलोड करत होते आणि 'चेक्स'च्या म्हणजे तपासणीच्या पायरीवरच कॉपीराइट क्लेम दिसला, म्हणजे 'यात आमचं काही वापरलंय' असा हक्कदाराचा दावा. मी चक्रावले, कारण अख्ख्या व्हिडिओत मी एकही गाणं लावलेलं नव्हतं. हेडफोन घालून चार वेळा ऐकलं तेव्हा कळलं, पायऱ्यांवर भंडारा विकणाऱ्या मावशींशी मी बोलतेय आणि मागे शेजारच्या दुकानातल्या स्पीकरवर खंडोबाचं गाणं चाललंय, जेमतेम २३ सेकंद!

तेव्हापासून यूट्यूब स्टुडिओतली, म्हणजे आपलं चॅनल सांभाळायच्या जागेतली, कॉपीराइटची टूल्स मी नीट शिकून वापरतेय, आणि माझ्यासारखे एकट्याने चॅनल चालवणारे बरेच जण क्लेम आला की घाबरून व्हिडिओच उडवतात, म्हणून हा रिव्ह्यू. पहिली गोष्ट म्हणजे क्लेम आणि स्ट्राइक वेगळे, प्लीज गोंधळ करू नका. क्लेम बहुतेक वेळा आपोआप जुळणी होऊन येतो आणि सहसा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे वळतात, चॅनलला धक्का लागत नाही. स्ट्राइक येतो तो कुणी रीतसर तक्रार करून व्हिडिओ उतरवला तर, आणि ९० दिवसांत तसे ३ झाले की चॅनल बंद होऊ शकतं.

माझ्याकडे पर्याय होते ते असे: तेवढा तुकडा कापा, गाणं बदला, नाहीतर म्यूट करा. म्यूटमध्ये पण दोन प्रकार, सगळाच आवाज बंद किंवा फक्त गाणं काढा. मी फक्त गाणं काढलं, थोडा वेळ लागला पण मावशींचं "भंडारा जपून न्या गं, वाऱ्यावर उडतो" हे वाक्य जसंच्या तसं राहिलं, ते गेलं असतं तर मला तो व्हिडिओ टाकावासाच वाटला नसता. आधीच पब्लिश झालेल्या व्हिडिओवरही हे सगळं करता येतं आणि लिंक, व्ह्यूज, कमेंट्स तशाच राहतात, याला माझ्याकडून पूर्ण मार्क.

जेजुरीच्या व्हिडिओत मी फेअर यूजचा, म्हणजे काही कारणांसाठी परवानगीशिवाय वापरायच्या मुभेचा, मुद्दा काढला नाही. आपल्या कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, 'फेअर डीलिंग' आहे आणि ते मुख्यतः खासगी वापर व अभ्यास, समीक्षा आणि चालू घडामोडींची बातमी यांच्यासाठी. मी काही त्या गाण्याबद्दल बोलत नव्हते. सार्वजनिक जागी असलेला पुतळा किंवा इमारत फ्रेममध्ये आली तर त्याला कायद्यात वेगळी सूट दिलीय, मागे वाजणाऱ्या गाण्याला तशी सूट लिहिलेली नाही. आणि ते "३० सेकंदांपर्यंत चालतं" किंवा "खाली क्रेडिट दिलं की झालं" हे जे सगळीकडे सांगतात ना, असा नियम कुठेही नाही.

डिस्प्यूट, म्हणजे क्लेम मान्य नाही असं रीतसर कळवणं, मी केला तो दुसऱ्या वेळी. एका जुन्या लावणीत ढोलकी लय कशी चढवते हे समजावताना मी ११ सेकंदांचा तुकडा वाजवला, थांबवला, पुन्हा वाजवला, प्रत्येक ठेका बोलून दाखवला. एका म्युझिक कंपनीचा क्लेम आला. ही सरळ समीक्षा होती, म्हणून कारण लिहिताना कुठल्या सेकंदाला मी काय म्हणतेय ते मांडलं. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, त्यांनी २७ व्या दिवशी क्लेम सोडला. एक गोष्ट लक्षात ठेवा, क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट केला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात आणि निकाल लागला की ज्याचे त्याला मिळतात. मी चौथ्या दिवशी केला, आणखी दोन दिवस उगाच विचार करण्यात घालवले असते तर सुरुवातीची कमाई हातची गेली असती. पण बाजू पक्की नसेल तर डिस्प्यूट करू नका, समोरचा सरळ व्हिडिओ उतरवायची मागणी करू शकतो आणि मग स्ट्राइक.

ऑडिओ लायब्ररी मी दर आठवड्याला वापरते. फुकट आहे, मूड आणि लांबीनुसार शोधता येतं, क्रेडिट द्यायला लागतं की नाही याचाही फिल्टर आहे. तिथलं संगीत कमाईच्या व्हिडिओत चालतं. पण अभंगांच्या व्हिडिओला मला टाळ-पखवाज हवा असतो, त्यासाठी गावातल्या भजनी मंडळाला विचारून स्वतः रेकॉर्ड केलं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण एखाद्या गायकाचं रेकॉर्डिंग सगळ्यांचं नसतं, ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं टिकतो. आणि नंतर कुणी लावलेली चाल त्या संगीतकाराची.

आता दुसरी बाजू, आपलं कुणी उचललं तर. माझी आत्या जात्यावर ओव्या म्हणते, तो व्हिडिओ मी तिच्या अंगणात पहाटे पाचला शूट केलाय, जात्याची घरघर आणि मध्ये एकदा तिचा खोकला. ओव्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या, त्यावर माझा काय हक्क, पण ते रेकॉर्डिंग माझं आणि त्या गाण्यावर कलाकार म्हणून हक्क आत्याचा, आपल्याकडे तो ५० वर्षं असतो. एका चॅनलने अख्खा व्हिडिओ जसाच्या तसा चढवला, तिचं नावसुद्धा नाही. मला खूप लागलं ते. उतरवायची रीतसर मागणी केली, त्यात 'लगेच' किंवा '७ दिवसांची नोटीस' असं निवडता येतं. मी नोटीस निवडली, कारण स्ट्राइक म्हणजे काय याचा धसका मला माहितीय. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच काढला.

त्या मागणीनंतर मला कॉपीराइट मॅच टूल मिळालं, जे आपल्या व्हिडिओच्या पूर्ण किंवा जवळपास पूर्ण कॉपी शोधून दाखवतं. टूल जुळणी दाखवतं, योग्य-अयोग्य आपणच बघायचं, आणि मला तेच बरोबर वाटतं. परवा एका मुलीचा व्हिडिओ सापडला, आत्याचा व्हिडिओ जवळजवळ सगळा घेतलाय पण दर ओवीनंतर थांबून ती सांगते की तिच्या आजोळी हीच ओवी कशी वेगळी म्हणतात, कुठला शब्द बदलतो. मी 'आर्काइव्ह' दाबलं, म्हणजे काही कारवाई न करता ती जुळणी बाजूला ठेवली, आणि लिंक आत्याला पाठवली. तिने दोनदा ऐकून मला फोन केला, म्हणाली तिसरी ओवी आमच्याकडे पण आधी तशीच होती गं, मीच विसरले होते.